लाल खोलीतल्या आत्याबाई

१

आत्याबाईंची शेपटी कोरी होती.

ताईने पिंजरा फळीवरून खाली घेतला होता, झाकण सरकवून रोजच्यासारखं "उठा, साहेबीणबाई" म्हणून झालं होतं, आणि शेपटी दोन बोटांत धरून ती बघत होती. काल सकाळपर्यंत तिच्यावर तीन काळी कडी होती. जरा पुसट झालेली, पण होती. आज काहीच नव्हतं. टोकापासून बुडापर्यंत नुसती गुळगुळीत, फिकट शेपटी.

आत्याबाई म्हणजे एक म्हातारी पांढरी उंदरीण. संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात तिचा जन्म झाला आणि तिथेच ती म्हातारी झाली. नाव ताईनेच ठेवलेलं, कारण ही बया पाण्याची बाटली जरा तिरकी लागली तरी पाठ फिरवून बसायची आणि दुसऱ्या कुणाचा घास गोड लागू द्यायची नाही. ताईचं काम म्हणजे या जनावरांची देखभाल. खाणंपिणं, भुसा, औषध, कुणी मलूल दिसलं तर डॉक्टरांना बोलावणं, आणि शेवटच्या दिवशी त्यांना हातात धरणं. या शेवटच्या कामाबद्दल ती घरी कधी बोलत नसे.

जिथे हे चाललं होतं ती खोली साऱ्या इमारतीत वेगळी होती. उंदीर रात्री जागतात आणि दिवसा झोपतात, माणसांचं उलटं. तेव्हा माणसांच्या सोयीसाठी या खोलीतले दिवस-रात्र उलटे केलेले होते. बाहेर ऊन असलं की इथे रात्र, म्हणजे एक मंद लाल दिवा, कारण लाल उजेड उंदरांना उजेड वाटतच नाही. संध्याकाळी माणसं घरी गेली की छतातले पांढरे दिवे आपोआप लागायचे आणि इथे उजाडायचं. त्या उजेडात खोली कशी दिसते हे ताईने फारसं कधी पाहिलंच नव्हतं. तिच्यासाठी ही खोली म्हणजे एक लांबलेली संध्याकाळ होती. भिंती, फळ्या, तिचे स्वतःचे हात, सगळं एकाच रंगात बुडालेलं, आणि चहूकडून भुसा उकरल्याची हलकी खसखस. पहिल्या वर्षी तिला इथून बाहेर पडलं की आपण झोपेतून उठलोय असं वाटायचं. आता बाहेरचंच खोटं वाटे.

"काय गं, कोण तू?" ताई हळूच म्हणाली.

उंदरीण तळहातावर आली नाही. एरवी आत्याबाई ऐटीत चढून बसायच्या. ही मागे सरकली, आणि तिच्या अंगाला कसला तरी उग्र, परका वास येत होता. त्या संध्याकाळी आत्याबाईंचा शेवट ठरलेला होता. पांढरे दिवे लागले की लगेच, उशीर न करता. आणि नेमक्या त्याच दिवशी त्यांच्या पिंजऱ्यात कुणी दुसरीच बसली होती.

ताईला शिकवलेला पहिला नियम असा होता की खूण नाही तर जनावर आपलं नाही. मग मनाला काहीही वाटो. तिने झाकण लावलं आणि बाहेर जाऊन बाईंना फोन केला.

"बाई, आत्याबाई गेल्या."

"मेल्या?"

"नाही हो. कुणीतरी नेल्या. आणि बदल्यात दुसरी ठेवली."

२

बाई म्हणजे या अभ्यासाच्या मुख्य. बुटक्या, तुरुतुरु चालणाऱ्या, आणि राग नाकावर नव्हे तर कपाळावर घेऊन फिरणाऱ्या. ज्यांचा दिवस रात्रीत आणि रात्र दिवसात गेली आहे, अशांना म्हातारपणी नीट झोप लागावी म्हणून त्या एक औषध शोधत होत्या. त्या अभ्यासातल्या बाकीच्या उंदरिणी एकेक करून गेल्या होत्या. शेवटची होती आत्याबाई. औषध सगळ्यात जास्त दिवस मिळालं होतं तिला. तिच्याशिवाय बाकीच्यांचं उत्तर अर्धवट राहणार होतं.

"डॉक्टरांना बोलवा," बाई म्हणाल्या. "त्यांनीच काल शेवटचं तपासलंय तिला."

डॉक्टर आले. हे संस्थेचे पशुवैद्य. त्यांचं बरंचसं आयुष्य आवारामागच्या मेंढ्यांच्या गोठ्यात गेलेलं, त्यामुळे सगळे त्यांना मेंढीवाले डॉक्टर म्हणत. उंच, वाकलेले, डोक्यावर एक केस नाही, पण भुवया अशा दाट पांढऱ्या की त्यांच्यावर कंगवा फिरवावा. आज त्यातली उजवी भुवई लालभडक होती. बाईंची विद्यार्थिनी चिमणी (नाव दुसरंच, पण अंगकाठीमुळे हेच पडलेलं) ती भुवई बघून खोकल्याच्या नावाखाली हसली.

"हसा, हसा," डॉक्टर म्हणाले. "मेंढ्या मोजायच्या होत्या. विचार करताना मला भुवई चोळायची खोड, बोटाला शाई होती ते विसरलो. साबणाने जात नाही. बायको म्हणाली, एक बाजू रंगवलीत तर दुसरीही रंगवा."

मग ते गंभीर झाले आणि सरळ बोलले. काल संध्याकाळी, पांढरे दिवे लागल्यावर, त्यांनी आत्याबाईला तपासणीच्या खोलीत आणवून घेतलं. धुलाईच्या मामांनी तिला धरलं होतं.

"शेपटीवरची खूण पुसट झाली होती. म्हटलं उद्या घोटाळा नको. स्पिरिटच्या बोळ्याने जुनी पुसली आणि नवीन तीन कडी मी स्वतःच्या हाताने काढली. चांगली जाड. ती शाई आठवडाभर हलत नाही, माझ्या भुवईला विचारा. आज शेपटी कोरी असेल तर ती कालची उंदरीण नव्हे. याबद्दल मी शपथ घेईन."

डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"म्हणजे काल तपासणीनंतर आणि आज सकाळपूर्वी," बाई म्हणाल्या. "आत कोण कोण गेलं?"

तेवढ्यात फाटकावरचा पहारेकरी दारात आला आणि घसा खाकरून म्हणाला, "बाई, सांगू की नको असं झालंय. काल संध्याकाळी मामा मागच्या दाराने झाकलेलं खोकं घेऊन गेले. मी विचारलं तर म्हणाले, तुला काय करायचंय."

३

मोठे साहेब दुपारी येणार होते. तोपर्यंत काय ते शोधा, असा निरोप आला, आणि डॉक्टर मधल्या खोलीत खुर्ची टाकून बसले. ताईला त्यांनी शेजारी बसवलं. "तुम्ही ओळखता सगळ्यांना, मी फक्त मेंढ्यांना," म्हणाले.

चिमणी आधी आली. आली ती डोळे पुसतच.

"मी गेले होते काल. दिवे लागल्यावर. निरोप घ्यायला."

"उंदरिणीचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. हसू नका."

"हसत नाही. मी मेंढ्यांचा घेतो. दिसली का ती?"

"दाराच्या काचेतून बघितलं. भुशात तोंड खुपसून झोपली होती, नुसती पाठ दिसत होती. शेपटी पोटाखाली. मला आत जायचं धाडस नाही झालं." तिने ताईकडे पाहिलं. "ताई, मला ते काम जमणार नाही असं मी बाईंना सांगितलं होतं. म्हणून मीच चोरली असं वाटेल ना आता?"

"तू चोरली असतीस तर इथे येऊन नाक शिंकरलं नसतंस," ताई म्हणाली. "जा, पाणी पी."

मग मामा आले. ताईचे नात्याने कुणी नव्हेत. साऱ्या प्राणीगृहाचेच मामा. पिंजरे धुण्याचं काम त्यांचं. वाफेच्या मोठ्या यंत्रापुढे आयुष्य काढलेलं, हातांची कातडी कायम सुरकुतलेली. त्यांचा भाग उजेडाचा आणि पाण्याचा. लाल खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, कारण धुलाईची माणसं आत यायची नाहीत आणि आतली माणसं धुलाईत जायची नाहीत, असाच इथला रिवाज होता. जनावर किंवा पिंजरा दोन्हीकडे ये-जा करी ते मधल्या खिडकीतून.

"मामा, खोक्यात काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही सांगणार."

"अहो, नोकरीवर येईल."

"येऊ दे. चोर नाही मी."

"काल तिला धरताना तुम्ही मला काय म्हणालात? इतकी जगली, आता सोडा की बिचारीला. म्हणालात ना?"

"म्हणालो. आत्ताही म्हणेन." मामांनी ताईकडे मान वळवली. "पोरी, तुझा तरी विश्वास आहे ना माझ्यावर?"

ताईला चटकन उत्तर देता आलं नाही, आणि ते मामांना दिसलं. ते उठून गेले. आरडाओरडा आपणच सुरू केला होता, हे ताईला आता काट्यासारखं सलू लागलं.

"चला," डॉक्टर म्हणाले, "ती परकी पाहुणी कोण ते बघू. इतकी वर्षं इथे आहे, पण तुमच्या या लाल गुहेत कधी आलो नाही. जनावरं नेहमी माझ्याकडे यायची."

दोघांनी झगे चढवले, टोपी घातली, तोंडावर पट्टी बांधली. दार उघडलं, मागे मिटलं, आणि दोघं त्या मंद लाल पाण्यात उतरले. डॉक्टर चष्मा सावरत इकडेतिकडे बघू लागले. ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि क्षणभर तिला आपण झोपेत आहोत की काय असं वाटलं.

डॉक्टरांच्या दोन्ही भुवया पांढऱ्या होत्या.

४

तिने काही विचारलं नाही. या खोलीत तिला नेहमीच काहीबाही वाटायचं. एकदा तर भिंत श्वास घेतेय असं वाटलं होतं. पुसली असेल त्यांनी भुवई मधल्या वेळात, असं म्हणून तिने पिंजरा खाली घेतला.

डॉक्टरांनी उंदरिणीला उलटंसुलटं पाहिलं. दात पाहिले, पंजे पाहिले, हातावर तोललं.

"म्हातारी आहे. वजनही साधारण आत्याबाईएवढंच. चोर हुशार दिसतोय, जोडीची शोधून आणली." त्यांनी शेपटी लाल दिव्याखाली धरली आणि अंगठा फिरवला. "कोरी. स्वच्छ कोरी."

"आणली कुठून पण?" ताई म्हणाली.

पलीकडच्या रांगेत राखीव उंदीर असत, बिनखुणेचे. ताई एकेक पिंजरा बघत गेली. म्हाताऱ्या राखीव उंदरिणी सगळ्या जागच्या जागी होत्या. एकही कमी नव्हती. आत्याबाई गेली, हे ठीक. पण ही जी आली ती हवेतून आली का?

"बाहेरून आणली असेल. त्याच खोक्यातून," डॉक्टर म्हणाले, पण त्यांनाही ते फारसं पटलेलं दिसलं नाही. मग त्यांनी उंदरिणीच्या कानामागे खाजवलं आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "हिचं मात्र नशीब थोर. हिचा अभ्यासाशी संबंध नाही, हिला कुणी हात लावणार नाही. साहेब येऊन गेले की झाकून घेऊन जाईन माझ्या म्हाताऱ्यांच्या खोलीत. तिथे काम संपलेली जनावरं आहेत. खातील, लोळतील, मरतील तेव्हा मरतील."

उंदरीण आता निवांत झाली होती. पुढचे दोन्ही पाय डॉक्टरांच्या बोटावर ठेवून तिने बाटलीकडे पाहिलं. बाटली जरा तिरकी होती. तिने पाठ फिरवली.

ताईने पटकन बाटली सरळ केली.

"बाहेर जाऊ या," ती म्हणाली.

दाराबाहेर पांढऱ्या उजेडात दोघांनी पट्ट्या सोडल्या. डॉक्टरांनी डोळे मिचकावले, सवयीने भुवई चोळली आणि म्हणाले, "मामांचं वाईट वाटतं हो. पण दुसरं कोण?"

त्यांची उजवी भुवई लालभडक होती.

५

ताई जेवणाच्या सुट्टीत घरी गेली. घर आवाराच्या मागेच, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीला जाड काळे पडदे, कारण नवरा छापखान्यात रात्रपाळीला होता आणि दिवसा झोपायचा. झोपायचा म्हणजे झोपायचा प्रयत्न करायचा. ती चपला हातात घेऊन आत आली तर अंधारातून आवाज आला.

"चोरपावलांनी कशाला येतेस? जागाच आहे मी."

"अजून?"

"डोळे मिटले की यंत्र सुरू होतं डोक्यात. धडधड, धडधड." तो कुशीवर वळला. "तुझ्या त्या उंदरांचं औषध कधी येणार बाजारात? नाहीतर मलाच नेऊन ठेव एखाद्या पिंजऱ्यात. भुसा घालशील, वेळेवर खायला देशील, गोड बोलशील. इथे त्यातलं काय मिळतं मला?"

"आज गंमत नको हो," ताई म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसली. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. पडद्याआड एवढं ऊन होतं आणि इथे ही बनावट रात्र. किती वर्षं तो असाच पडून होता, डोळे उघडे ठेवून.

तिला सगळं कळलं होतं. पांढऱ्या उजेडात लाल दिसणारी भुवई लाल उजेडात पांढरी दिसते, तर पांढऱ्या शेपटीवरची लाल कडी त्या उजेडात कुणाला दिसणार? डॉक्टर मेंढ्यांना लाल शाईने खुणा करतात. काल त्यांनी खिशातलं तेच पेन काढलं. तपासणीची खोली उजेडाची, तिथे ती कडी ठसठशीत दिसली असतील. मग मामांनी जनावर पिंजऱ्यासकट मधल्या खिडकीतून आतल्या फळीवर सरकवलं. पांढऱ्या दिव्यांत ते झोपलं होतं आणि बघायला कुणी नव्हतं. सकाळी ताई आली तेव्हा तिची लाल रात्र सुरू झालेली. आणि तो परका वास स्पिरिटचा आणि मेंढीवाल्याच्या हातांचा. कुणी चोरी केलीच नव्हती. परकी कुणी आलीच नव्हती.

परत जाताना ती मागच्या दाराशी थांबली. मामा पायरीवर बसले होते, डबा न उघडता.

"मामा, काल डॉक्टरांनी खूण कसल्या पेनने केली?"

"लाल पेनने. मेंढ्यांच्या. का?"

"आणि खोक्यात काय होतं? मी कुणाला नाही सांगणार."

मामांनी डब्याचं झाकण उगाच चाचपलं. मग लाजून म्हणाले, "भुसा. पिंजऱ्यांतला, वापरलेला. बहिणीच्या झाडांना खत म्हणून लागतो. इथला कचरा बाहेर न्यायचा नाही असा नियम आहे ना. एवढी वर्षं नियमाने काढली आणि शेवटी कचरा चोरला म्हणून पकडले जायचं? त्यापेक्षा उंदीर चोरला म्हणू देत. त्यात निदान जीव तरी आहे."

"काहीतरीच बोलता मामा," ताई म्हणाली, पण तिला हसू आलं नाही.

ती आत गेली आणि लाल खोलीत एकटी उभी राहिली. पिंजरा खाली घेतला. या वेळी उंदरीण सरळ तिच्या तळहातावर चढून बसली. शेजारच्या फळीवर स्पिरिटची बाटली होती, कापूस होता. कडी कुठे आहेत ते दिसत नव्हतं, पण दिसायची गरजही नव्हती. एक बोळा, एकदा बुडापासून टोकापर्यंत. मग ती जन्मभर परकी. डॉक्टर तिला झाकून नेतील, आणि म्हाताऱ्यांच्या खोलीत ती बाटलीवरून रुसत बसेल. मामांनी तर उंदीर चोरल्याचं कबूल करायचीही तयारी दाखवली होती.

ताईने कापूस ओला केला. थंडगार झाला हात.

६

बाईंच्या खोलीत सगळे जमले होते. बाई, डॉक्टर, चिमणी, आणि भिंतीला टेकून मामा. मोठे साहेब वाटेत होते. ताई आत आली. हातात ओला कापूस होता.

"डॉक्टर, इकडे बघा," ती म्हणाली, आणि वाकून त्यांच्या उजव्या भुवईवर तो बोळा घासला. तिने बोळा उलटा करून टेबलावर ठेवला. कापूस गुलाबी झाला होता.

"हीच शाई काल तुम्ही आत्याबाईंच्या शेपटीला लावली. लाल पेन."

"हो, मग?"

"सकाळी लाल खोलीत शिरलात तेव्हा तुमची ही भुवई पांढरी होती. मला वाटलं तुम्ही पुसली. बाहेर आलात तर परत लाल."

डॉक्टरांचा हात भुवईकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांचं तोंड हळूहळू उघडत गेलं. "अरे देवा," ते म्हणाले. "आजपर्यंत मी कधी आत गेलोच नव्हतो. मला सुचलंच नाही."

"मीही पेन पाहिलं नव्हतं," ताई म्हणाली. "आणि मामांनी पेन पाहिलं होतं, पण आतला उजेड नाही. दोन्ही तुकडे कुणा एकाकडे नव्हते."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "लाल उजेडात लाल शाई. मी मुलांना हे पहिल्याच वर्षी शिकवते," त्या म्हणाल्या, आणि कपाळावर हात मारून घेतला. "मामा, माफ करा मला. साहेबांना काय सांगायचं ते मी सांगते."

"आणि खोकं?" मामांनी स्वतःच विचारलं, भीत भीत.

"कसलं खोकं?" डॉक्टर म्हणाले. "मला काही आठवत नाही."

तेवढ्यात चिमणी उठली. तिचे डोळे लकाकत होते.

"पण साहेबांना पुरावा दाखवायला हवा ना! आत्ताच आतला पांढरा दिवा लावू. कडी दिसतील." मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "आणि दिवा लागला की तिची रात्र मोडेल. झोप बिघडेल. मग ती अभ्यासाच्या कामाची राहणार नाही. हो ना, बाई?"

चिमणी काय म्हणतेय ते सगळ्यांना कळलं होतं. बाई ताईकडे बघत होत्या, आणि त्यांच्या कपाळावरचा राग कुठे गेला होता कोण जाणे.

"ताई, त्या खोलीचं तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही म्हणाल तसं करू. मी बोलणार नाही."

ताईला नाही म्हणायचं नव्हतं. तिला धावत जाऊन ते बटण दाबायचं होतं. तिला आठवत होत्या त्या आधीच्या सगळ्या, एकेक. कुणी घाबरट, कुणी खादाड, एक तर तिच्या बाहीत शिरून झोपणारी. प्रत्येकीला तिने आपल्या हातात धरलं होतं आणि प्रत्येक वेळी स्वतःला सांगितलं होतं की हे कशासाठी तरी आहे. आज दिवा लावला तर ते सगळं कशासाठीच राहणार नव्हतं. आणि काळ्या पडद्यांमागे एक माणूस डोळे उघडे ठेवून पडला होता.

"संध्याकाळपर्यंत थांबू या," ती म्हणाली. "दिवे लागतील आपोआप. मग साहेबांना दाखवा. मामा, थांबाल तुम्ही?"

"मी थांबतो गं," मामा म्हणाले. "मला कुठे जायचंय?"

चिमणी रडायला लागली. तिला कुणी गप्प केलं नाही.

संध्याकाळी ताई घरी गेली नाही. नवऱ्याला निरोप पाठवला की जेवून जा, वाट बघू नका. लाल खोलीत सगळे भिंतीशी उभे राहिले, रिवाज मोडून मामाही, आणि साहेबसुद्धा, झगा घालून, अवघडून. मग छतात काहीतरी टकटकलं आणि दिवे लागले. खोली एकदम पांढरीफटक झाली, इतकी लहान आणि साधी की ताईला ती ओळखू आली नाही. पिंजऱ्यात आत्याबाई डोळे बारीक करून बसली होती, आणि तिच्या शेपटीवर तीन जाड, लाल कडी होती. डॉक्टरांनी थोडी वाकडी काढली होती.

साहेबांनी मामांशी हात मिळवला. मग बाईंनी सगळ्यांना बाहेर नेलं. डॉक्टर आणि ताई तेवढे राहिले.

"मी धरायला दुसऱ्या कुणाला बोलावू का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको. तिला माझी सवय आहे."

आत्याबाई तळहातावर चढून बसल्या, ऐटीत, आणि ताईच्या अंगठ्याला नाक लावलं. ताईने दुसरा हात वरून अलगद ठेवला. डॉक्टर हळूच काम करणारे होते. तिला काही कळलं नसावं.

नंतर ताई रिकामा पिंजरा घेऊन मधल्या खिडकीशी आली. पलीकडे मामा उभे होते. ते घरी गेले नव्हते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"माझ्यापायी गेली का गं ती?"

"नाही मामा," ताई म्हणाली. "तिचं आजच ठरलेलं होतं."

मामांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ओल्या, सुरकुतलेल्या हातांनी पिंजरा घेतला आणि आत निघाले. यंत्र त्यांनी लावलं नाही. नळाखाली धरून, हाताने, कोपरान् कोपरा घासून ते धुऊ लागले. ताई खिडकीशी उभी राहून ऐकत होती. बराच वेळ पाणी वाहत राहिलं.